स्पॅनिशमधले ‘करू नकोस’: नियमित क्रियापदांचा नकारार्थी आज्ञार्थ

दौतटाक

नमस्कार.

गेली तीन वर्षे मी पुण्यात बसून मेक्सिकोतल्या एका टीमबरोबर काम करतो आहे आणि कामापुरती स्पॅनिश वर्गात जाऊन शिकलो आहे. मागच्या वर्षी एका संध्याकाळी मी तिकडच्या सहकाऱ्याला घाईघाईने ‘नो बोर्रास ला ताब्ला’ असा निरोप पाठवला. ‘बोर्रार’ म्हणजे पुसणे, ‘ताब्ला’ म्हणजे डेटाबेसमधले टेबल, आणि मला म्हणायचे होते, ‘ते टेबल डिलीट करू नकोस.’ प्रत्यक्षात मी लिहिले होते, ‘तू ते टेबल डिलीट करत नाहीस.’ त्या भल्या माणसाला ती तक्रार वाटली. ‘माफ करा, आत्ता करतो,’ असे त्याचे उत्तर आले आणि पाठोपाठ टेबल गेलेसुद्धा. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावले. मी ‘बोर्रेस’ लिहायला हवे होते. एका मात्रेने घात केला.

त्यानंतर मी हा विषय नीट बसून समजून घेतला. तेव्हा लक्षात आले की वर्गात आम्ही तो इंग्रजीच्या वाटेने शिकत होतो आणि म्हणूनच अडखळत होतो. इंग्रजीत आज्ञेच्या क्रियापदापुढे ‘डोन्ट’ लावला की काम संपते, क्रियापद जागचे हलत नाही. हिंदीतही ‘बोलो’ला ‘मत’ लावला की ‘मत बोलो’ तयार होते. मराठीत मात्र ‘बोल’ला नुसता नकार चिकटत नाही. आपण ‘बोल’ हे आज्ञार्थी रूप बाजूला ठेवतो, ‘बोलू’ असे वेगळे रूप घेतो आणि मग ‘बोलू नकोस’ म्हणतो. स्पॅनिशचा स्वभाव नेमका असाच आहे. ‘बोल’ म्हणजे ‘आब्ला’, पण ‘बोलू नकोस’ म्हणजे ‘नो आब्ला’ नव्हे, तर ‘नो आब्लेस’. ‘नो आब्ला’चा अर्थ ‘तो बोलत नाही’ असा होतो.

रूप करण्याची रीत अशी आहे. स्पॅनिश क्रियापदांची मूळ रूपे आर, एर किंवा ईर यांनी संपतात: आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे, एस्क्रिबीर म्हणजे लिहिणे. वर्तमानकाळातले ‘मी’चे रूप घ्यावे, म्हणजे आब्लो, कोमो, एस्क्रिबो, त्याच्या शेवटचा ओ काढून टाकावा, आणि मग स्वरांची अदलाबदल करावी. आर गटाच्या क्रियापदांना एरवी जिथे आ लागतो तिथे ए लावायचा, आणि एर व ईर या गटांना जिथे ए लागतो तिथे आ लावायचा. त्यामुळे ‘तू’साठी नो आब्लेस, नो कोमास, नो एस्क्रिबास अशी रूपे मिळतात. आदरार्थी ‘उस्तेद’साठी शेवटचा स गळतो आणि नो आब्ले, नो कोमा, नो एस्क्रिबा असे होते. अनेकवचनी ‘उस्तेदेस’साठी नो आब्लेन, नो कोमान, नो एस्क्रिबान. ‘आपण बोलायला नको’ असे म्हणायचे असेल तर नो आब्लेमोस, नो कोमामोस, नो एस्क्रिबामोस. स्पेनमध्ये जवळच्या माणसांच्या घोळक्याला ‘बोसोत्रोस’ म्हणतात, त्यासाठी नो आब्लेइस, नो कोमाइस, नो एस्क्रिबाइस ही रूपे आहेत. माझ्या मेक्सिकोच्या कामात ती कधी लागत नाहीत.

आता माझी स्वतःची एक खूण सांगतो, कारण माझ्या चुका मुख्यतः तिच्यामुळे थांबल्या. स्पॅनिशमध्येही एकेरी ‘तू’ला ‘तू’च म्हणतात. मराठीत ‘बोल’मध्ये स नाही, पण ‘बोलू नकोस’मध्ये आहे, स्पॅनिशमध्येही ‘आब्ला’मध्ये स नाही आणि ‘नो आब्लेस’मध्ये आहे. आदराने ‘बोलू नका’ म्हटले की आपल्याकडचा स जातो, तसा ‘नो आब्ले’मधलाही जातो. ‘नकोस’ म्हणावेसे वाटले की स लावायचा आणि ‘नका’ म्हणावेसे वाटले की लावायचा नाही, एवढे ध्यानात ठेवले की पुरते.

ज्यांनी ही भाषा शिकली किंवा शिकवली आहे, त्यांनी भर घालावी आणि चुकत असेल तर दुरुस्त करावे.

शेवंतीची_वेणी

खूण आवडली, परंतु आमच्याकडे वऱ्हाडात ‘बोलू नको’ असेच म्हणतात. आमच्या स चे काय करायचे?

दौतटाक

स्पॅनिश बोलण्यापुरता तो पुण्याहून उसना न्यावा.

पाटीपेन्सिल

मी गेली बारा वर्षे मुंबईत खासगी शिकवण्यांमधून स्पॅनिश शिकवते. मूळ लेखातली मांडणी बरोबर आहे, पण विद्यार्थी जिथे हमखास घसरतात ती जागा तिच्यात नुसती ओझरती आली आहे, म्हणून ती जरा उलगडून सांगते.

‘आस’ किंवा ‘एस’ हे शेवट स्वतःहून काहीच सांगत नाहीत. ‘नो कांतास’ आणि ‘नो कोमास’ ही दोन वाक्ये कानाला सारखीच वाटतात, परंतु पहिल्याचा अर्थ ‘तू गात नाहीस’ असा आहे आणि दुसऱ्याचा ‘खाऊ नकोस’ असा. गाणे म्हणजे कांतार, ते आर गटातले, म्हणून ‘कांतास’ हे त्याचे साधे विधान झाले आणि आज्ञा ‘नो कांतेस’ अशी होईल. खाणे म्हणजे कोमेर, त्याचे साधे विधान ‘नो कोमेस’ असे आहे आणि आज्ञा ‘नो कोमास’. म्हणजे क्रियापदाचा गट पाठ नसेल तर ही रूपे ओळखताच येत नाहीत. नवे क्रियापद वहीत उतरवताना माझे विद्यार्थी त्याच्याखाली ‘तू’चे विधान आणि ‘तू’ची मनाई या दोन ओळी लिहितात, उदाहरणार्थ, बेबेर म्हणजे पिणे, नो बेबेस म्हणजे पीत नाहीस, नो बेबास म्हणजे पिऊ नकोस. शंभरएक क्रियापदे अशी लिहून झाली की हाताला सवय लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे सर्वनामाची जागा. होकारार्थी आज्ञेत सर्वनाम क्रियापदाच्या शेपटीला जोडले जाते, ‘तोकालो’, म्हणजे ‘त्याला हात लाव’. नकार आला की ते सुटून क्रियापदाच्या आधी येते आणि ‘नो लो तोकेस’ होते. इंग्रजीतून विचार करणारी मुले इथे ‘नो तोकेसलो’ असे काहीतरी घडवतात. मराठीतून विचार केला तर अडचण येत नाही, कारण ‘त्याला हात लावू नकोस’ या वाक्यात कर्म आधीच क्रियापदापूर्वी बसलेले असते. ‘नो मे यामेस’ म्हणजे मला फोन करू नकोस, ‘नो ते प्रेओकुपेस’ म्हणजे काळजी करू नकोस. हे शेवटचे वाक्य तुमच्या मेक्सिकोच्या सहकाऱ्यांकडून तुम्ही दिवसातून दहादा ऐकत असाल.

दौतटाक

टेबल गेले त्या दिवशी तर पंधरादा ऐकले.

आपण ‘तोकार’चे ‘तोकेस’ केले आहे. आमच्या पुस्तकात अशी क्रियापदे ‘बदल होणारी’ म्हणून वेगळ्या धड्यात दिली आहेत. मग ती नियमित कशी?

पाटीपेन्सिल

ती पूर्णपणे नियमित आहेत. बदल होतो तो फक्त रोमन लिपीतल्या लिखाणात. ‘तोकार’मधला क त्या लिपीत सी या अक्षराने लिहितात. आ, ओ आणि उ यांच्यापुढे सी असला की त्याचा उच्चार क होतो, परंतु ए किंवा इ पुढे आला की लॅटिन अमेरिकेत स आणि स्पेनच्या बहुतेक भागात थ होतो. म्हणून क चा उच्चार टिकवण्यासाठी ‘तोकेस’ लिहिताना सी काढून क्यू आणि यू ही जोडी घालावी लागते. जी या अक्षराची गतही तशीच आहे. ए पुढे त्याचा ग राहावा म्हणून मध्ये एक मुका यू घालतात. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, त्याचे ‘नो पागेस’. आपला ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीजांच्या याच क्रियापदातून आलेला आहे, त्यामुळे हे उदाहरण कोणी विसरत नाही. झेडचे ए पुढे सी होते, जसे ‘क्रुसार’ म्हणजे ओलांडणे आणि ‘नो क्रुसेस’ म्हणजे ओलांडू नकोस.

हीच रूपे देवनागरीत लिहून पाहा: तोकार, तोकेस, पागार, पागेस, क्रुसार, क्रुसेस. काही बदलले का? क तो क राहिला आणि ग तो ग. मी पहिले दोन आठवडे ही रूपे मुद्दाम देवनागरीत लिहून घेते आणि मगच रोमन लिपीकडे वळते. काही सहशिक्षकांना हे गावठीपणाचे वाटते, पण माझ्या विद्यार्थ्यांच्या कानात रूप पक्के बसते.

‘मी’च्या रूपावरून जाण्याची जी रीत वर दिली आहे, ती या तीन प्रकारांत लिखाणापुरती मदत करत नाही, कारण ‘तोको’मध्ये सी असतो आणि ‘तोकेस’मध्ये तो चालत नाही. ‘रेकोखेर’, म्हणजे गोळा करणे, अशा क्रियापदांत मात्र ती चोख चालते. त्याच्या मूळ रूपात जी आहे, पण ‘रेकोखो’मध्ये आधीच जे आलेला असतो आणि तोच पुढे ‘नो रेकोखास’मध्ये जातो.

मांडवीकाठ

मी पणजीचा आहे. माझी आजी पोर्तुगीज अमदानीत लिसेवमध्ये, म्हणजे तिथल्या माध्यमिक शाळेत, शिकलेली होती आणि तिच्या तोंडी ‘फाला’ व ‘नाँव फालश’ ही जोडी असायची, म्हणजे ‘बोल’ आणि ‘बोलू नकोस’. पोर्तुगीजचाही नियम हाच आहे: आर गटाला ए, आणि एर व ईर गटांना आ. मात्र ब्राझीलमधले लोक रोजच्या बोलण्यात सरळ ‘नाँव फाला’ म्हणतात. आजीला ते ऐकवले असते तर तिने कान उपटले असते.

कोंकणीत आम्ही ‘उलोव नाका’ म्हणतो. तिथेही होकाराचे रूप तसेच्या तसे राहत नाही.

जुनेपुराणे

भाषेच्या इतिहासाची थोडी भर घालतो, कारण मूळ लेखातल्या ‘स’च्या खुणेला आधार आहे आणि तो लेखकाने म्हटल्यापेक्षा बराच जुना आहे.

लॅटिनमध्ये ‘प्रेम कर’ याला ‘आमा’ असा शब्द होता आणि ‘तो प्रेम करतो’ याला ‘आमात’. पुढे शब्दाच्या शेवटचा त गळाला आणि स्पॅनिशमध्ये दोन्ही ‘आमा’ झाले. म्हणूनच ‘आब्ला’चा अर्थ ‘बोल’ असाही होतो आणि ‘तो बोलतो’ असाही होतो. नकारासाठी स्पॅनिशने लॅटिनचे वेगळे रूप घेतले. इच्छा, शंका, विनंती, भीती अशा न घडलेल्या गोष्टी सांगण्यासाठी जो क्रियापदाचा अर्थ वापरतात, आणि जो आपल्या विध्यर्थाच्या जवळपास जातो, त्यात ‘तू’चे रूप ‘आमेस’ असे होते. ते आजच्या स्पॅनिशमध्ये जसेच्या तसे आहे: ‘नो आमेस’, प्रेम करू नकोस. स्पॅनिश व्याकरणात या अर्थाला सुब्खुंतीवो म्हणतात आणि नकारार्थी आज्ञेची सगळी रूपे त्यातलीच आहेत. त्यामुळे ही रूपे पाठ झाली की पुढचा मोठा धडा अर्धा झालेला असतो. ‘तू बोलू नयेस असे मला वाटते’ या वाक्यासाठीही तेच ‘नो आब्लेस’ लागते.

आपल्याकडे संस्कृतातही मनाई साध्या आज्ञार्थाने फारशी करत नसत. गीतेच्या अठराव्या अध्यायातले ‘मा शुचः’ आठवावे. ‘शोक करू नकोस’ असा त्याचा अर्थ आहे. तिथे आज्ञार्थाचे ‘शोच’ आलेले नाही, तर ‘मा’बरोबर येणारे, आधीचा अकार गळालेले एक निराळे रूप आले आहे; आणि ‘शुचः’मधला विसर्ग मुळात सकारच आहे. ‘शुचस्’ आणि ‘आमेस’ या दोन्हींतला स हा ‘तू’चाच.

आणखी एक. लॅटिनमध्ये मनाईची दुसरी पद्धत होती ‘नोली’ची. ‘नोली’ हे ‘न इच्छिणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप आहे. बायबलच्या लॅटिन भाषांतरात पुनरुत्थान झालेला येशू मारिया माग्दालेनाला ‘नोली मे तांगेरे’ म्हणतो, शब्दशः ‘मला स्पर्श करण्याची इच्छा धरू नकोस’. स्पॅनिश बायबलमध्ये त्याचे ‘नो मे तोकेस’ झाले. म्हणजे स्पॅनिशने ‘नोली’ टाकून दिले. आपल्या ‘नको’ला मात्र दोन्ही कामे आजही करावी लागतात: ‘मला चहा नको’ यात ते अनिच्छा दाखवते आणि ‘चहा करू नको’ यात मनाई करते.

दौतटाक

हे वाचून धागा काढल्याचे सार्थक झाले. ‘उस्तेद’च्या रूपाबद्दलही काही सांगता येईल का? तिथे होकार आणि नकार दोन्हींना एकच रूप का चालते, ते मला उमगलेले नाही.

जुनेपुराणे

‘उस्तेद’ हा शब्द ‘वुएस्त्रा मेर्सेद’ या संबोधनाचा झिजलेला अवतार आहे. त्याचा अर्थ ‘आपली कृपा’ असा होतो. म्हणजे समोरच्याशी बोलतानाही व्याकरण तृतीय पुरुषाचे. आणि तृतीय पुरुषाला आज्ञा कशी करणार? ती विध्यर्थानेच करावी लागते. आपल्या जुन्या दरबारी मराठीत ‘महाराजांनी बसावे’, ‘महाराजांनी चिंता करू नये’ असे म्हणत, तोच प्रकार आहे. त्यामुळे ‘उस्तेद’ला होकारातही ‘आब्ले’ आणि नकारातही ‘नो आब्ले’ असे एकच रूप लागते. आज्ञार्थाचे खास असे रूप त्याला मिळालेलेच नाही.

स्वल्पविराम

याच कारणाने ‘उस्तेद’च्या वाक्यात माझ्या नावाच्या चिन्हाला फार महत्त्व येते. एस्पेरार म्हणजे थांबणे, वाट पाहणे. ‘नो एस्पेरे’ म्हणजे ‘थांबू नका’, आणि ‘नो’नंतर स्वल्पविराम दिला की ‘नो, एस्पेरे’ म्हणजे ‘नाही, थांबा’. सगळी अक्षरे तीच आणि अर्थ उलटा. ‘तू’शी बोलताना हा धोका राहत नाही, कारण तिथे ‘नो एस्पेरेस’ आणि ‘नो, एस्पेरा’ अशी वेगवेगळी रूपे असतात. स्वल्पविराम विसरला तरी वाचणारा सावरून घेतो. ज्यांना ऑफिसातून आदरार्थी पत्रे पाठवायची असतात त्यांनी हे विशेष जपावे.

माद्रिदची_मावशी

मी पंधरा वर्षे माद्रिदमध्ये राहते. पुस्तकातले नियम घेऊन इथे उतरलेल्या माणसाचा पहिला गोंधळ पाट्यांपाशी होतो, म्हणून लिहिते. बागेत ‘नो पिसार एल सेस्पेद’ अशी पाटी असते, म्हणजे गवतावर पाय देऊ नये. इथे ‘पिसेस’ही नाही आणि ‘पिसे’ही नाही, सरळ मूळ रूप आहे. ‘नो फुमार’, ‘नो तोकार’ हे तसेच. पाटी कोणा एकाला उद्देशून नसते, म्हणून ती ‘तू’ आणि ‘तुम्ही’ या फंदात पडत नाही. आपल्या बागांतही ‘फुले तोडू नका’च्या बरोबरीने ‘फुले तोडू नयेत’ लिहितात, आणि त्यातला दुसरा सूर या पाट्यांचा आहे.

पण पाटीवरचे रूप तोंडात आणू नये. इथल्या आयासुद्धा घोळक्यातल्या पोरांवर ‘नो कोर्रेर’ असे ओरडतात, आणि स्पॅनिशची प्रमाण रूपे ठरवणारी संस्था, रेआल अकादेमिया, त्याला प्रमाण मानत नाही; तिथे ‘नो कोर्राइस’, म्हणजे ‘पळू नका’, असेच हवे. शेजारच्या मुलांना मी ‘नो कोर्राइस’ म्हणाले तेव्हा त्यातली थोरली मला म्हणाली की तुम्ही आमच्या बाईंसारख्या बोलता.

बायबलमधल्या दहा आज्ञांत ‘नो मातारास’ अशी एक आज्ञा आहे. ‘खून करू नकोस’ असा त्याचा अर्थ आहे. तिथे शेवट ‘आस’ दिसला म्हणून कोणी फसू नये. ते भविष्यकाळाचे रूप आहे, ‘तू खून करणार नाहीस’ असे ठामपणे बजावणारे. मातार हे आर गटातले आहे, म्हणून त्याची साधी मनाई ‘नो मातेस’ अशी होते.

रिओकाठचा

अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात. होकारात तिथे ‘आब्ला’च्या शेवटच्या आ वर जोर येतो. नकारात ‘नो आब्लेस’ तसेच चालते, मात्र चिडून दटावताना शेवटावर जोर दिलेले ‘नो आब्लेस’ही ऐकू येते. देवनागरीत हा जोर दाखवता येत नाही, एवढी एक उणीव पाटीपेन्सिल यांच्या पद्धतीत आहे.

पाटीपेन्सिल

मान्य आहे. जोराची खूण मी खडूने अक्षराखाली रेघ ओढून करते.

पाठांतरासाठी मी म्हणी वापरते, त्या इथे देऊन ठेवते. ‘नो बेंदास ला पिएल देल ओसो आंतेस दे कासार्लो’, अस्वलाची शिकार करण्याआधी त्याचे कातडे विकू नकोस. बेंदेर एर गटातले, म्हणून बेंदास. आपल्याकडची ‘बाजारात तुरी’ची म्हण तिच्या शेजारी लिहून ठेवावी. ‘आ काबायो रेगालादो नो ले मिरेस एल दिएंते’, भेट मिळालेल्या घोड्याचे दात बघू नकोस. ही तर आपली धर्माची गायच आहे. मिरार आर गटातले, म्हणून मिरेस.

माझी आवडती म्हण मात्र ‘एन मार्तेस, नि ते कासेस नि ते एंबार्केस’ ही आहे. मंगळवारी लग्न करू नकोस आणि जहाजावर चढू नकोस. हिच्यात ‘नो’ कुठेच नाही; ‘नि’ने नकार दिला तरी रूप तेच लागते. मराठीतला ‘नि’ जोडतो आणि हा ‘नि’ तोडतो, एवढे लक्षात असू द्यावे. ‘एंबार्केस’मध्ये वर सांगितलेली क्यू आणि यूची जोडी आहे. शिवाय मार्तेस हा मंगळाचाच वार आहे, त्यामुळे लग्नाच्या बाबतीत मंगळाला वचकून राहणारे आपण एकटेच नाही.

शेवंतीची_वेणी

आता माझी परीक्षा घ्यावी. मी स्वयंपाकघरातली चार वाक्ये केली आहेत: नो आब्रास ला पुएर्ता (दार उघडू नकोस), नो कोसिनेस ओय (आज स्वयंपाक करू नकोस), नो तोकेस एल पान (पावाला हात लावू नकोस) आणि नो लावेस लोस प्लातोस, तिया (मावशी, तुम्ही भांडी घासू नका).

पाटीपेन्सिल

चारही रूपे बिनचूक बनली आहेत. शेवटच्या वाक्यात मात्र मराठी अर्थ देताना आपण ‘नका’ लिहिले आहे आणि स्पॅनिशमध्ये स तसाच ठेवला आहे. स्पेनमध्ये मावशीला ‘तू’च म्हणतात, त्यामुळे तिथे ‘लावेस’ शोभेल. लॅटिन अमेरिकेत ज्या घरांत वडीलधाऱ्यांना ‘उस्तेद’ म्हणतात, तिथे ‘नो लावे’ म्हणावे लागेल. तुमची मावशी कुठली आहे ते सांगा, म्हणजे स चे ठरवता येईल.

शेवंतीची_वेणी

मावशी अकोल्याची आहे आणि आम्ही तिला ‘तू’ म्हणतो. ‘नका’ मी नुसते चारचौघांत बरे दिसावे म्हणून लिहिले होते.

पाटीपेन्सिल

मग ‘लावेस’ राहू द्या.